ड्रम लेव्हल ऑटोवर का टिकत नाही? प्रोसेस कंट्रोलच्या बाळबोध शंका

बगॅसमधला_नवखा
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून यंदाच्या हंगामात एका साखर कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलोय. कारखान्याचं नाव विचारू नका. बॉयलर ४५ किलो प्रेशरचा, ताशी ८० टन वाफेचा. कॉलेजात पीआयडीची (चूक बघून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कंट्रोलरची) समीकरणं पाठ केली होती, लाप्लासही सोडवले, पण इथं कंट्रोल रूममध्ये बसलं की कशाचाच कशाला मेळ लागत नाही.

परवाचा किस्सा. आमचे बॉयलर अटेंडंट, सगळे त्यांना आबा म्हणतात, ड्रम लेव्हल, म्हणजे बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी, कायम मॅन्युअलवर चालवतात. साहेब म्हणाले, एवढा डीसीएस (कंट्रोल रूममधली कॉम्प्युटर यंत्रणा) काय शोभेला घेतलाय का, टाक ऑटोवर. टाकला. अर्धा तास छान गेला. मग मिलला ऊस अडकला, गाळप थांबलं. लेव्हल आधी खाली गेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मग जी वर चढायला लागली ती थांबेचना. ठरलेल्या लेव्हलच्या वर, अधिक १२० मिलिमीटरला आबांनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला आणि मॅन्युअल केलं. जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

तर शंका अशा. मागणी कमी झाली म्हणजे वाफ कमी जातेय, मग लेव्हल आधी खाली का गेली? गेन, म्हणजे कंट्रोलरचा जोर, वाढवायचा की कमी करायचा? आणि हे सगळं शिकायला सुरुवात कुठून करू? पुस्तकं आहेत, समजावणारं कुणी नाही.


चहाबाज
मंगळवार, सकाळी ७:१५

शेवटच्या शंकेचं उत्तर : आबांना चहा पाजण्यापासून. बाकीचं जाणकार सांगतील.


जुना_फिटर
मंगळवार, सकाळी ९:०२

गेनला हात लावू नकोस. आधी हे वाच.

मी ३४ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. लागलो तेव्हा सगळं हवेवर चालायचं. सिग्नल म्हणजे तांब्याच्या नळीतली हवा, ३ ते १५ पीएसआय. आता तारेतून ४ ते २० मिलिअँपिअर येतो, पण युक्ती तीच. सुरुवात शून्यापासून का नाही, हे कॉलेजात कुणी सांगितलं का? शून्य टक्के प्रेशरलाही ४ मिलिअँपिअर यायलाच हवेत. एकदम शून्य आलं तर समजायचं, तार तुटली नाहीतर सप्लाय गेला. शून्य ते २० ठेवलं असतं तर 'टाकी रिकामी' आणि 'तार उंदरानं कुरतडली' यात फरक कसा कळणार? आमच्याकडे उंदीर ही फार मोठी अडचण होती.

हिशोब तोंडी यायला हवा. ४ वजा कर, १६ नं भाग, रेंजनं गुण. तुमचा प्रेशर ट्रान्समीटर ० ते ६० किलोचा असेल आणि मीटरवर १६ मिलिअँपिअर दिसले, तर १२ भागिले १६ म्हणजे पाऊण, आणि ६० चे पाऊण ४५. बॉयलर बरोबर आपल्या प्रेशरवर आहे. हे स्क्रीन न बघता पॅनलमागे उभं राहून सांगता आलं पाहिजे.

आता लूप. मोजणारा, ठरवणारा आणि हलणारा : ट्रान्समीटर, कंट्रोलर, व्हॉल्व्ह. चौथी गोष्ट म्हणजे खुद्द बॉयलर. पुस्तकात त्याच्यासाठी एक चौकोन काढतात आणि पुढे जातात. सगळी मजा त्या चौकोनात आहे.

ड्रममध्ये नुसतं पाणी नसतं, उकळतं पाणी असतं, वाफेच्या बुडबुड्यांनी फुगलेलं. मिल बंद पडली, वाफ कुणी घेईना, की प्रेशर चढतं. प्रेशर चढलं की बुडबुडे दबतात आणि पाणी बसतं. दुधाखालचा गॅस बारीक केल्यावर साय खाली बसते तसं. पाण्याचं वजन तेवढंच आहे, उंची कमी झाली. याला श्रिंक म्हणतात. उलट, मागणी एकदम वाढली की प्रेशर पडतं, बुडबुडे फुगतात, लेव्हल वर जाते. तो स्वेल.

यातली गोम बघ. साधा कंट्रोलर फक्त लेव्हल बघतो. मिल थांबल्यावर लेव्हल खाली दिसली म्हणून तो पाणी वाढवतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी करायला हवं असतं. थोड्या वेळानं ते जादाचं पाणी वर येतं. ड्रम फार भरला तर वाफेबरोबर पाणी सुपरहीटरमध्ये आणि पुढे टर्बाइनपर्यंत जातं. आबा चिडले ते उगाच नाही.

म्हणून मोठ्या बॉयलरला थ्री-एलिमेंट कंट्रोल असतो. वाफ किती जातेय ते बघून तेवढंच पाणी आधीच मागायचं, पाण्याच्या फ्लोचा वेगळा लूप ते मागणं पुरं करणार, आणि लेव्हलचा कंट्रोलर वरून थोडीफार दुरुस्ती करणार. तुमच्याकडे तो आहे का, आणि ऑटो म्हणजे तू नक्की काय ऑटो केलंस? हे सांग, मग पुढचं बोलू.


दुधाची_साय
मंगळवार, दुपारी १:३०

काका, सायीचं उदाहरण माझ्या हक्काचं होतं, ते तुम्ही पळवलंत.

मी डेअरीत आहे. नवख्या, तुला पीआयडी समजून घ्यायचा असेल तर बॉयलरपेक्षा पाश्चरायझर सोपा, कारण त्यात लपवाछपवी नाही. दूध ७२ अंशांना १५ सेकंद राहिलं पाहिजे. ते १५ सेकंद काढायला एक लांबलचक वळणावळणाची नळी असते, होल्डिंग ट्यूब. कायद्याला हवं ते तापमान त्या नळीच्या शेवटी मोजतात.

आता त्याच शेवटच्या सेन्सरवरून गरम पाण्याची वाफ कमीजास्त करायला जा. आत्ता व्हॉल्व्ह उघडला तर त्याचा परिणाम किमान १५ सेकंदांनी दिसणार. तोवर कंट्रोलर म्हणतो, 'काहीच होत नाही, अजून उघडा.' मग अति गरम दूध येतं, की तो बंद करत सुटतो, आणि पुन्हा १५ सेकंद आंधळा. ट्रेंडवर सुरेख लाटा येतात. आमच्या एका जुन्या प्लांटला अशाच लाटा होत्या. दोन वर्षं लोक ट्यूनिंग (कंट्रोलरचे आकडे बदलणं) करत बसले होते. सेन्सर नळीच्या तोंडाशी आणला आणि गरम पाण्याच्या तापमानाला आतला लूप दिला, लाटा गेल्या. हा डेड टाइम. तो ट्यूनिंगनं जात नाही, पाइपनं जातो.

पी, आय, डी चं म्हणशील तर : समज, फक्त पी लावलाय आणि ७४ ला सेट केलंय. सकाळी टँकरचं दूध नेहमीपेक्षा थंड आलं. व्हॉल्व्ह जास्त उघडा राहायला हवा. पण पी ची अट अशी की चूक असेल तरच तो जास्त उघडणार. म्हणजे तापमान ७४ च्या थोडं खालीच बसून राहतं आणि तिथेच समाधान मानतं. याला ऑफसेट म्हणतात. आय हा हट्टी असतो. चूक थोडी का असेना, जोवर आहे तोवर तो आउटपुट ढकलतच राहतो, शून्य होईपर्यंत. या हट्टाचा तोटाही आहे. बॉयलरची वाफ पडली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, तरी दूध तापेना. आय मनातल्या मनात बेरीज करतच असतो. वाफ परत आली की ती साठलेली बेरीज उतरेपर्यंत व्हॉल्व्ह मिटत नाही आणि दूध ८० च्या पुढे. हल्लीच्या कंट्रोलरमध्ये याला लगाम असतो, पण तो चालू आहे ना, ते बघून घ्यावं लागतं.

डी, म्हणजे चूक किती वेगानं बदलतेय ते बघणारा, तो विसर. ड्रमची लेव्हल मुळात खळबळती, तिथे डी लावलास तर व्हॉल्व्ह दिवसभर थरथरत राहील.

आणि एक. दूध पुरेसं तापलं नाही तर ते परत कच्च्या दुधाच्या टाकीकडे वळवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पीआयडीचं ऐकत नाही. त्याची हवा गेली, वीज गेली, तरी स्प्रिंग त्याला वळवण्याच्याच बाजूला नेते. तुझ्या बॉयलरवर फिरताना प्रत्येक कंट्रोल व्हॉल्व्हपाशी थांबून विचार : हवा गेली तर हा उघडणार की मिटणार? आणि का? एका पाळीत जेवढं शिकशील तेवढं सेमिस्टरमध्ये नाही.


ट्यूनिंगसम्राट
मंगळवार, दुपारी ३:१०

एवढं पुराण कशाला? ट्यूनिंगची झिगलर-निकोल्स पद्धत लावा. आय, डी काढून टाका, लूप सतत झुलायला लागेपर्यंत गेन वाढवा. तो गेन गुणिले ०.४५ हा तुमचा पी आणि झुलण्याचा काळ भागिले १.२ हा आय. १९४२ पासून जग हेच करतंय. दहा मिनिटांचं काम.


जुना_फिटर
मंगळवार, दुपारी ३:२५

चालू हंगामात, ४५ किलोच्या बॉयलरचा ड्रम मुद्दाम झुलवायचा? सम्राट, तुम्ही सिंहासनावरून उतरून एकदा बॉयलरच्या प्लॅटफॉर्मवर या. नवख्या, हे करू नकोस. आकडे त्यांनी बरोबर दिलेत, जागा चुकली.


बगॅसमधला_नवखा
मंगळवार, रात्री १०:५०

काका, ताई, खूप आभार. चार वेळा वाचलं.

हो, थ्री-एलिमेंट आहे. मी तोच ऑटो केला होता, म्हणजे श्रिंकचा त्रास व्हायला नको होता ना?

आज आबांबरोबर चहा झाला. (चहाबाज, तुमचा सल्ला खर्चिक आहे, ते भजीही घेतात.) त्यांना विचारलं, मॅन्युअलवर तुम्ही नक्की काय बघता? म्हणाले, "मी काय बघतो? ऐकतो. मिलचा आवाज उतरला की पाणी आवरायचं. लेव्हलकडं बघून पाणी सोडणारा बॉयलर अटेंडंट पहिल्याच हंगामात घरी जातो." आणि पुढे एक बोलले : "त्या स्क्रीनवरच्या वाफेच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. कमी लोडला तो थापा मारतो."

म्हणून आकडे उतरवून आणले. लोड अर्ध्यावर असताना फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) ताशी ४० टन, वाफ ५६.५. लेव्हल स्थिर, ब्लो-डाऊन (ड्रममधलं पाणी बाहेर सोडणं) बंद. ४० टन पाण्यातून साडेछप्पन्न टन वाफ कशी निघते?


ट्यूनिंगसम्राट
मंगळवार, रात्री ११:०५

ब्लो-डाऊन व्हॉल्व्ह गळत असेल. किंवा ट्यूब लीक.


आखाती_मराठी
बुधवार, पहाटे ५:४०

नाइट शिफ्ट संपता संपता लिहितोय. सम्राट, गळती असती तर पाणी जास्त आणि वाफ कमी दिसली असती. इथे उलट आहे. हवेतून पाणी येत नाही, म्हणजे दोन मीटरपैकी एक खोटं बोलतोय.

आबा फीडफॉरवर्ड आहेत, म्हणजे लेव्हल हलायच्या आधीच पाणी बदलतात, हे लक्षात आलं का? मिलचा आवाज हा त्यांचा वाफेचा फ्लो मीटर. १९२२ साली मिनोर्स्की नावाच्या माणसानं जहाजाच्या सुकाणूवर लेख लिहिला. त्याचा आधार अनुभवी सुकाणूवाला सुकाणू कसं फिरवतो, हा होता. आज आपण ज्याला पीआयडी म्हणतो त्याची पहिली नीट मांडणी तिथे आहे. सुरुवात चांगल्या ऑपरेटरकडे बघण्यातूनच झाली. असो, झोप येतेय.

नवख्या, दोन गोष्टी हव्यात. जास्त लोडला हेच दोन आकडे, आणि वाफेच्या मीटरची फुल स्केल.


बगॅसमधला_नवखा
बुधवार, दुपारी २:२०

फुल स्केल ८०. लोड वाढल्यावर पाणी ६४, वाफ ७१.५. आबा म्हणतात, पूर्ण लोडला दोन्ही जवळजवळ सारखे होतात.


आखाती_मराठी
बुधवार, रात्री ८:१५

सापडलं.

वाफेचा फ्लो ऑरिफिस प्लेटनं, म्हणजे पाइपात बसवलेल्या भोकाच्या चकतीनं मोजता. प्लेटच्या दोन बाजूंना प्रेशरचा जो फरक पडतो तो फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. फ्लो निम्मा झाला की फरक चतुर्थांश होतो. म्हणून फ्लो काढायला वर्गमूळ घ्यावं लागतं. ते ट्रान्समीटरमध्ये घेता येतं, नाहीतर डीसीएसमध्ये. तुमच्याकडे दोन्हीकडे घेतलंय.

पडताळून बघ. खरा फ्लो ४०, म्हणजे ५० टक्के. प्रेशरचा फरक २५ टक्के. ट्रान्समीटरनं वर्गमूळ घेतलं, ५० टक्के झाले. इथेच थांबायचं होतं. डीसीएसनं त्याचं पुन्हा वर्गमूळ घेतलं, ७०.७ टक्के. ८० चे ७०.७ टक्के म्हणजे साडेछप्पन्न. खरा ६४ असेल तर ८० टक्के, पुन्हा वर्गमूळ ८९.४, म्हणजे ७१.५. आणि १०० चं वर्गमूळ कितीही वेळा घ्या, १००च. म्हणून पूर्ण लोडला मीटर साळसूद दिसतो. बहुधा कॅलिब्रेशनवाल्यानं शून्य आणि शंभर तपासून सही केली असेल. मधला पॉइंट तपासायचा कंटाळा.

आता परवाच्या रात्रीकडे ये. वाफ ६४ वरून ४० वर आली असं धर. पाणी २४ टनांनी उतरायला हवं होतं. कंट्रोलरला दिसलं काय? ७१.५ वरून ५६.५, म्हणजे फक्त १५ ची घट. उरलेलं ताशी ९ टन पाणी ड्रममध्ये जातच राहिलं. लेव्हल कंट्रोलर दुरुस्ती करणार, पण सुरुवातीला श्रिंकमुळे त्याला लेव्हल खालीच दिसत होती, म्हणून त्यानं आणखी थोडं वाढवलं. मग लेव्हल १२० वर जाणार नाही तर काय?

गेनचा यात काडीचा संबंध नाही. गेन बदलत बसला असतास तर हंगाम संपला असता.


दुधाची_साय
बुधवार, रात्री ८:४०

वा! आणि आबांचा शेरा शब्दशः बरोबर निघाला. "कमी लोडला थापा मारतो." त्यांना वर्गमूळ सांगू नका, ते म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं.


टाकीवाला
बुधवार, रात्री १०:३०

इंधनाच्या टँक टर्मिनलवर काम करतो, एवढे दिवस नुसतं वाचत होतो. नवख्यासाठी एक भर घालतो. खोटं बोलणारा मीटर दोन तऱ्हेचा असतो. एक तुमच्यासारखा, आकडा चुकीचा पण हलतो. दुसरा हलतच नाही, आणि तो जास्त घातक, कारण सरळ रेषा बघून माणसाला शांत वाटतं.

इंग्लंडात बन्सफिल्डला ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरणं चालू होतं. तीनच्या सुमाराला लेव्हल गेज अडकला. स्क्रीनवर लेव्हल स्थिर, टाकीत पेट्रोल चढतंय. गेजच हलेना म्हणून वरच्या लेव्हलचे अलार्मही वाजले नाहीत. शेवटचा आधार म्हणून एक स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, तोही चालला नाही. टाकी वाहिली, पेट्रोलच्या वाफेचा ढग पसरला आणि सहाच्या सुमाराला उडाला. ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट होती म्हणून कुणी गेलं नाही.

भरणं चालू असताना रेषा आडवी दिसली, की खुर्चीतून उठायचं. आमच्याकडे नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवतो.


जुना_फिटर
गुरुवार, सकाळी ६:५०

टाकीवाल्यांनी विषय काढलाच आहे, आणि हा मुलगा आता ट्रान्समीटरला हात लावणार, म्हणून ड्रमबद्दल बजावतो.

ड्रमचा लेव्हल ट्रान्समीटर दोन पाण्याच्या खांबांची तुलना करतो. एक ड्रममधला, दुसरा वरच्या कंडेन्सेट पॉटखालच्या नळीतला. ही नळी कायम भरलेली असायला हवी. कुणी ब्लो केली (साफ करायला रिकामी केली), मॅनिफोल्डचा ग्लँड गळला, आणि तो खांब खाली आला, की ट्रान्समीटरला वाटतं लेव्हल चढली. स्क्रीनवर भरपूर पाणी, कंट्रोलर व्हॉल्व्ह मिटतोय, आणि ड्रम कोरडा होत चाललाय. ट्रान्समीटरनं आपल्या परीनं खरंच सांगितलेलं असतं.

म्हणून ती लाइन ब्लो केल्यावर लगेच सर्व्हिसमध्ये घ्यायची नाही. पॉटमध्ये वाफ थंड होऊन नळी भरू दे, वेळ लागतो, लागू दे. आणि आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) ड्रमला दोन वॉटर गेज मागतं ते शोभेला नाही. प्रत्येक पाळीत गेज ग्लास आणि स्क्रीन ताडून बघ. शिड्या चढाव्या लागतात. चढ.

वाफेच्या ट्रान्समीटरचं काम करताना आधी लूप मॅन्युअलवर, आबांना सांगून, लेखी परमिट घेऊन. वर्गमूळ एकाच ठिकाणी ठेवा, कुठे ठेवलंय ते टॅगवर पक्क्या शाईनं लिहा. मग ०, २५, ५०, ७५, १०० असे पाच पॉइंट तपास. दोन नाही, पाच.


बगॅसमधला_नवखा
रविवार, रात्री ९:३०

उशीर झाला, माफी. साहेबांना आकडे दाखवले. त्यांनी लॉगबुक काढायला लावलं. गेल्या हंगामात वाफेचा ट्रान्समीटर जळाला होता, स्टोअरमधला दुसरा लावला. जुना लीनियर, म्हणजे वर्गमूळ न घेणारा होता, नवा वर्गमुळावर सेट होता. लॉगबुकात एकच ओळ : 'ट्रान्समीटर बदलला, ओके.' सही वाचता येत नाही.

शुक्रवारी मिल साफसफाईला थांबली तेव्हा ट्रान्समीटर लीनियर केला. पाच पॉइंट तपासले. २५ टक्के प्रेशरला स्क्रीनवर ४० टन. टॅगवर लिहिलं, 'लीनियर, वर्गमूळ डीसीएसमध्ये'. आता अर्ध्या लोडला पाणी ४०.५, वाफ ४०.

काल रात्री थ्री-एलिमेंट ऑटोवर टाकला, ट्यूनिंग जुनंच. साडेबाराला मिल अडकली. लेव्हल उणे ३५ पर्यंत गेली, अधिक २० ला गेली, आणि परत शून्याकडे आली. मी ट्रेंडचा फोटो काढला.

आबा खुर्चीत बसून होते. माऊसवर हात ठेवून. दाबला नाही, पण काढलाही नाही. पहाटे म्हणाले, "ठीक आहे तुझं. पण हा थंड बॉयलर पेटवताना चालेल का?" मला उत्तर येईना.


आखाती_मराठी
रविवार, रात्री ११:५०

नाही चालणार, आणि आबांना ते माहीत आहे. लोड अगदी कमी असताना ऑरिफिसच्या प्रेशरचा फरक इतका बारीक असतो की आकड्यात दम नसतो. १० टक्के फ्लोला फरक फक्त १ टक्का. साधारण पाव लोडपर्यंत नुसत्या लेव्हलवर, सिंगल-एलिमेंटवर चालवतात, मग थ्री-एलिमेंटवर जातात. तुमच्या डीसीएसमध्ये ही अदलाबदल कितीला ठेवलीय ते शोध. आणि ती करताना आउटपुटला झटका बसतो का, तेही बघ.


चहाबाज
सोमवार, सकाळी ७:०५

भजी कुठली होती?